केळशीचं प्रस्थान

“सूनबाई, घरातून कुणी बाहेर निघालं की ‘कुठं?’ म्हणून विचारायचं नाही. निघणाऱ्याची खोटी होते.”

सासूबाईंचं हे सांगणं मी लग्न होऊन दापोलीला आले त्या दिवसापासून पाळत आले. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण अजून हे चपला घालायला लागले की माझे ओठ आपोआप मिटतात. तोटा एवढाच, की हे बाजारात गेलेत की कचेरीत, हे मला ते परत आल्यावर हातातल्या पिशवीवरून कळतं.

मी विचारत नाही म्हणून गाव थोडंच विचारायचं राहतं! आम्ही केळशीला जायचं ठरवलं आणि अख्ख्या आळीनं इतक्या वेळा ‘कुठं?’ विचारलं, की आमची खोटी व्हायला दुसरं काही कारण लागलंच नसतं. तरी ती कारणंही पुष्कळ आली.

मूळ गोष्ट अगदी लहान होती. यांच्या आत्या, मथुराआत्या, आमच्याकडेच असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी बुधवारची तारीख दिली होती. “ऑपरेशन होईल व्यवस्थित, पण वय झालंय, खात्री देत नाही,” असं डॉक्टर यांना हळू आवाजात म्हणाले. आत्यांचे डोळे अधू, पण कान तिखट. त्यांनी ते ऐकलं. घरी आल्यावर जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “मिरजेला जायच्या आधी केळशी एकदा बघितली असती तर बरं होतं. आता जेवढं दिसतंय तेवढ्यात.”

केळशी हे यांचंही मूळ गाव. सासऱ्यांनी तिथलं घर विकलं, दापोलीला बिऱ्हाड केलं, आणि मग कुणाचं जाणं झालं नाही. आत्यांचं बालपण मात्र तिथंच राहिलं.

हे लगेच म्हणाले, “आत्या, नेतो तुला. माझा शब्द. आणि एस्टीनं नाही हं, गाडी करून. माहेरच्या गावात मोटारीतून उतरशील!”

“अरे सदू, एस्टी काय वाईट आहे?”

“शब्द दिला म्हणजे दिला.”

(यांचं नाव मी लिहिलं ते आत्यांच्या तोंडचं म्हणून. गैरसमज नसावा.) याच वेळी मलाही म्हणायचं होतं, की सकाळची पहिली एस्टी धरली तर दुपारी आपण परत घरी असू. पण माझ्या तोंडात घास होता, आणि जेवताना मौन हा माझा रोजचा नेम आहे. पहाटे तुळशीला पाणी, मग विष्णुसहस्रनाम, गाईला घास आणि जेवताना मौन. बाकीचे नेम देवाच्या उपयोगी पडत असतील. मौनाचा उपयोग आजवर फक्त यांनाच झालेला आहे.

त्या वेळी, म्हणजे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला, आमच्याकडे भाड्यानं मोटार मिळणं सोपं नव्हतं. बुरोंडीच्या अयूबकडे एक अँबॅसॅडर होती. कुवेतमध्ये राबून तो परत आला आणि ही गाडी घेऊन बसला. लग्नाच्या मोसमात ती नवरदेवांना वाहायची आणि एरवी त्याच्या दारात कोंबड्यांना सावली द्यायची. अयूब आमच्या अंगणात आला, गाडीची दोन दारं आपण बाहेरूनच उघडतो हे त्यानं प्रामाणिकपणानं सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वैनी, आदीच बोलून ठेवतो. रविवारी असरच्या नमाजाच्या आत गाडी बुरोंडीत पायजे. भाचा वजीर, त्याची वरात हाय. सकाळपासनं तवर गाडी तुमची.”

“असर म्हणजे किती वाजता?” हे म्हणाले.

“उन्हं कलली की.”

“छे, छे, आम्ही त्याच्या आधीच परत!” हे म्हणाले.

आता परवानगी. हे कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर आहेत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुख्यालय सोडायचं तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जात ‘अपरिहार्य कारण’ लिहावं लागतं. हा नियम लोक विसरले होते. परिपत्रक काढून तो यांनीच वर आणला. लोकांचे किती अर्ज यांनी ‘कारण अपरिहार्य वाटत नाही’ असा शेरा मारून परत पाठवले असतील! आता स्वतःचाच अर्ज स्वतःच्याच टेबलावर आला. हे दोन संध्याकाळी कारण शोधत बसले. ‘आत्यास गाव दाखविणे’ हे त्यांना अपरिहार्य वाटेना. ‘वडिलोपार्जित स्थळाची पाहणी’ लिहिलं, पण स्थळ विकलेलं. मी वाती वळता वळता म्हटलं, “जे आहे तेच लिहावं.” त्यावर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कचेरीचं काम मला काय कळणार हे मला कळलं. शेवटी ‘कौटुंबिक नेत्रविषयक निकड’ असं काहीतरी लिहून अर्ज गेला.

एवढं जमलं, तर शेजारचे आप्पा पंचांग घेऊन आले. आप्पा एस्टीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी कितीतरी गाड्या उशिरा सोडल्या. निवृत्त झाल्यावर माणसांना थांबवायला लागले.

“रविवारी पश्चिमेला दिशाशूल. तिकडे प्रवास वर्ज्य,” आप्पा म्हणाले.

“पण केळशी वायव्येला आहे,” हे म्हणाले.

“वायव्य म्हणजे निम्मी पश्चिम. निम्मा शूल टोचत नाही काय?”

यांना रविवारखेरीज सुट्टी नाही, आणि मंगळवारी तर मिरजेला निघायचं. आत्या कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. “राहू दे रे,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हा आप्पांनीच तोड काढली. शनिवारी संध्याकाळी चांगल्या घटकेवर प्रस्थान ठेवायचं. म्हणजे जो प्रवासाला जाणार त्याची वस्तू, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला. रविवारी निघताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं. दिशाशूल बिचारा आमच्या दारात वाट पाहत बसणार. मी लहानपणी माहेरी हे पाहिलेलं होतं, त्यामुळं मी मान डोलावली. आमच्या पश्चिमेला आप्पांचंच घर. मधे चिऱ्याचा गडगा, कमरेएवढा.

शनिवारी यांचा रोजचा रुमाल घालून मी गाठोडं बांधलं, आणि हे ते घेऊन गंभीर चेहऱ्यानं गडगा ओलांडून गेले. परत यायला निघाले तर आप्पा आडवे.

“सदाशिवराव, प्रस्थान ठेवल्यावर घरी परतायचं नसतं.”

“अहो, पण माझं जेवण?”

“प्रवासात जेवतात तसं जेवा.”

त्या रात्री हे शेजारी जेवले, शेजारी झोपले. मी गडग्यावरून दंतमंजन दिलं, मग टॉवेल दिला, मग अंगावर घ्यायची शाल दिली. तेवढ्यात कचेरीतला शिपाई शिवा परवानगीचा कागद घेऊन आला. “साहेब हायत?” मी खोटं बोलत नाही. म्हटलं, “प्रवासाला गेलेत.” त्यावर गडग्यापलीकडून साहेबच ओरडले, “काय रे शिवा, सही झाली का?” शिवानं एकदा माझ्याकडे, एकदा गडग्याकडे पाहिलं, आणि कागद गडग्यावर ठेवून तो निमूट गेला. सोमवारी कचेरीत काय पसरलं असेल ते मी विचारलेलं नाही.

सकाळी अयूब वेळेवर आला. आमची तयारी झालेली, आणि आप्पांच्या सगुणाकाकू नवं लुगडं नेसून, हातात लोणच्याची बरणी घेऊन गाडीत बसलेल्या.

“अगो, बघतेस काय?” त्या मला म्हणाल्या. “प्रस्थान आमच्या घरून, म्हणजे प्रवास आमच्या घरून. मग घरची माणसं मागं राहतात काय कधी? आणि वाटेत मुरूडला माझ्या भाचीकडे बरणी द्यायचीच आहे.”

“मुरूड वाटेत नाय,” अयूब म्हणाला.

“मोटारीला सगळंच वाटेत,” आप्पा पुढच्या सीटवर बसत म्हणाले. पुढची सीट यांनी स्वतःसाठी मनात धरलेली होती. हे मागं आमच्यात बसले, गुडघे हनुवटीला लावून. आत्या खिडकीशी होत्या आणि काचेला नाक लावून बसल्या होत्या. दिसत असेल नसेल, पण चेहरा असा, की जणू केळशी पुढच्याच वळणावर आहे.

मुरूडला बरणी पोचली. भाचीनं आग्रह करून पोहे केले. मग आप्पा म्हणाले, एवढं आलोच तर हर्णैला जाऊन समुद्रातला किल्ला किनाऱ्यावरून बघू. हर्णैला सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तसा सगुणाकाकूंनी पदर नाकाला लावला, आणि किल्ला पदरातूनच पाहिला. “हर्णैहून केळशी जवळच की,” आप्पा हात पसरून म्हणाले. जवळ होती खरी, पक्ष्याला. मधे खाडी, होडीच्या तरीशिवाय पलीकडे जाता येत नाही, आणि तरीत मोटार घालत नाहीत. परत वर येऊन लांबचा वळसा घ्यायचा. अयूब नुसता उन्हाकडे बघत राहिला.

“आधी जेवून घेऊ,” हे म्हणाले. रस्त्याकडेच्या एका बागेत आम्ही पानं मांडली. मी दहीभात कालवला, चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. झालं, माझं मौन सुरू.

आणि नेमक्या तेव्हा सगुणाकाकू म्हणाल्या, “प्रस्थानाचं गाठोडं कुणाकडे आहे गो?”

हे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा काकूंकडे. काकू माझ्याकडे. गाठोडं सकाळी कुणीच उचललं नव्हतं. ते आप्पांच्या घरी होतं.

मला काय म्हणायचं होतं ते मला अगदी स्वच्छ ठाऊक होतं. आता वेळ नाही. राहिलं तर राहिलं. देव बघून घेईल. पुढं चला आणि आत्यांना केळशी दाखवा. तोंडात घास. म्हणून मी डावा हात वर आभाळाकडे केला, मग छातीशी आणून डोळे मिटून नमस्कार केला, आणि शेवटी हात पुढं हलवला. याहून स्पष्ट कुणी काय सांगणार!

“वहिनी म्हणतायत,” आप्पा सर्वांना समजावून सांगू लागले, “गाठोडं देवघरात, वरच्या फळीवर राहिलं. त्याशिवाय देवाला नमस्कार पोचत नाही. ताबडतोब निघा.”

मी जोरजोरात मान हलवली.

“बघा, किती तळमळतायत,” सगुणाकाकू म्हणाल्या. “खरंच आहे त्यांचं. गाठोडं घरी म्हणजे प्रवास सुरूच झाला नाही. सकाळपासून आपण निघालोच नाही आहोत!”

“निघालो नाय, तर मग पेट्रोल कुठं गेलं?” अयूबनं विचारलं.

मी घास गिळला तेव्हा पानावर भात उरला होता. अन्न टाकायचं नाही. तो भराभर संपवून, आचमन करून मी “अहो, मी म्हणत होते...” म्हणेपर्यंत गाडीचं तोंड दापोलीकडे फिरलं होतं आणि यंत्राच्या घरघरीत माझा आवाज ऐकू जात नव्हता. तसा माझा आवाज लहानच आहे. आत्यांनी फक्त विचारलं, “ऊन उजव्या बाजूला होतं ते डावीकडे कसं आलं?”

दापोलीत गाठोडं मिळालं. आप्पांनी ते दोन्ही हातांत धरून आणलं, आणि उन्हं कलायला लागलेली होती.

“आता केळशी नाय होणार,” अयूब म्हणाला. “बुरोंडी.”

“मी गाडी पूर्ण दिवसासाठी केली आहे!” यांनी कचेरीतला आवाज काढला.

“साहेब, दिवस तुमचाच होता. तो तुमी हर्णैला नेलात आणि परत आणलात. वरात थांबायची नाय.”

आता गाडीतून उतरावं आणि घरात जावं, असं यांनी ठरवलं. पण सगुणाकाकू दारात आडव्या उभ्या. गाठोडं उचललं आणि प्रवास न करता घरात शिरलं, असं त्यांच्या माहेरी कुणीतरी केलं होतं आणि त्याची गाय गेली होती. “कुठंतरी जायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “बुरोंडी पश्चिमेलाच आहे ना?”

“चला,” आत्या म्हणाल्या. “बुरोंडी तर बुरोंडी. समुद्र एकच असतो.” आणि अंग चोरून पुन्हा आपल्या खिडकीशी बसल्या.

बुरोंडीला गाडी वळली मात्र, वाडीतली सगळी माणसं धावत आली. गाडी थांबायच्या आत टपावर झेंडूच्या माळा पडल्या. एका तरुणानं काचेतून हात घालून पुढं बसलेल्या माणसाच्या गळ्यात हार घातला. या खेपेला पुढं हे बसले होते. आप्पांच्या मांडीवर गाठोडं असल्यामुळं त्यांना मागं यावं लागलं होतं. हे “अहो, मी नव्हे, मी नव्हे” म्हणत होते, आणि लोकांना वाटत होतं पाहुणे संकोची आहेत. त्यांना खाली उतरवून, अत्तर लावून, सरबताचा पेला हातात देऊन मांडवात खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर खरा नवरदेव वजीर सेहरा बाजूला सारून यांच्याकडे बघत होता. आप्पा गाठोडं पोटाशी धरून उभे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आदरानं विचारलं, “ह्यात काय हाय?” आप्पा म्हणाले, “प्रवास.”

अयूबची बहीण रहिमा, वजीरची आई, आम्हां बायकांना घराच्या मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथून समुद्र दिसत होता. घरात पोराची वरात निघायची घाई, तरी ती आत्यांजवळ टेकली. “आमच्याकडचं पाणी चालंल तुमाला?” तिनं विचारलं. आत्या म्हणाल्या, “नारळ दे बाई, तो देवानंच भरून ठेवलेला असतो.” रहिमा हसली आणि शहाळं फोडून घेऊन आली.

आत्यांनी समोर बघत विचारलं, “ते पांढरं दिसतंय ते पाणी की आभाळ गो?”

“पाणी. आभाळ त्याच्या वर.”

“असं होय.” आत्या थोडा वेळ बघत राहिल्या. “आमच्या केळशीला वाळूची टेकडी आहे. केवढी उंच! वरून बसून घसरत खाली यायचो. परकराची वाट लागायची. आई ओरडायची. ती टेकडी आहे की वाऱ्यानं गेली, एवढंच बघायचं होतं. ती मोठी आहे ना, ती मला दिसली असती.”

रहिमानं त्यांच्या हातावर हात ठेवला. “हाय हाय, टेकडी हाय. कुठं जात्ये ती?”

पडवीच्या दारात हे उभे होते, गळ्यात हार तसाच. मला बोलवायला आले असावेत. त्यांनी ऐकलं. मी बघितलं ते मात्र त्यांना कळलं नाही. त्यांनी हार काढला, खुंटीला अडकवला, आणि आल्या पावली परत गेले.

घरी आम्ही शेवटच्या एस्टीनं आलो, उभ्यानं. सगुणाकाकूंनी प्रवास निर्विघ्न झाल्याबद्दल देवापुढं साखर ठेवली. आत्या पानावर बसल्या तेव्हा म्हणाल्या, “छान झाली हो सहल.” हे नेहमी जेवताना बोलतात. त्या रात्री माझ्यासारखेच मौनानं जेवले.

सोमवारी पहाटे मी तुळशीला पाणी घालत होते. कोंबडा आरवून गेला होता, आकाश नुकतं फिकट व्हायला लागलं होतं. माजघरातून कुजबुज ऐकू आली. मग आत्या बाहेर आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, केस चापून. त्यांच्या मागं हे, कचेरीचे कपडे न घालता, खांद्याला पिशवी. आप्पांचं घर अजून झोपेत होतं, आणि यांनी अंगणातून जाताना तिकडे एकदा पाहिलं आणि पाऊल आणखी हलकं केलं.

मला बघून थांबले. काहीतरी सांगणार होते. मी आत गेले, आदल्या रात्रीच करून ठेवलेल्या दशम्या फडक्यात बांधलेल्या होत्या, त्या आणून पिशवीत घातल्या. मग त्यांना सांगायचं काही उरलं नाही.

“सदू, गाडी कुठाय रे?” आत्यांनी विचारलं.

“स्टँडवर उभी आहे, आत्या. आज मोठी केलीय. पन्नास माणसं बसतात.”

“लाल का रे?”

“लालच.”

“मग खिडकीची जागा धर हो,” आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा परकरातल्या मुलीसारखा झाला.

यांची चाल एरवी अशी, की बरोबरच्या माणसाला पळावं लागतं. त्या दिवशी यांनी आत्यांचा हात धरला आणि त्यांच्याएवढंच लहान पाऊल टाकायला सुरुवात केली. “पायरी आहे, आत्या. आता दगड आहे. आता सपाट.” फाटकाची कडी त्यांनी आवाज न करता लावली, आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली.